तळघरातली धिंगरी आणि एक डॉलर रोख

डेलमर यार्नलच्या तळघरातून वर्षाला किती पौंड धिंगरी, म्हणजे शिंपल्याच्या आकाराची मशरूमं, निघणार, हे त्याला पहिली धिंगरी उगवण्याच्या दोन महिने आधीच तोंडपाठ होतं. आठशे पौंड. पौंडाला बारा डॉलर या दराने त्याचे किती होतात ते तुम्हीच काढा. डेलमरने ते काढून, खाली दोन रेघा मारून, कागद फ्रिजच्या दाराला चुंबकाने लावून ठेवला होता. फ्रिज उघडणाऱ्या प्रत्येकाला दुधाच्या आधी तो आकडा दिसायचा.

हे सगळं वाचनालयातल्या एका व्याख्यानापासून सुरू झालं. 'छोटी जागा, भरघोस नफा' असा विषय होता आणि व्याख्यान देणाऱ्या बाईंनी ठासून सांगितलं होतं की धिंगरीला तीनच गोष्टी लागतात : सावली, ओलावा आणि धीर. डेलमर एकतीस वर्षं हायस्कूलचा उपमुख्याध्यापक होता. त्यामुळे तिसरी गोष्ट आपल्याकडे मुबलक आहे, असं त्याला वाटलं. त्याच्या हाताखालून गेलेल्या मुलांचं मत वेगळं होतं, पण त्यांना कोणी विचारलं नाही.

आता पेनसिल्व्हेनियाच्या या कोपऱ्यात, टॅनर्स रनसारख्या गावात, मशरूमचा धंदा काढणं म्हणजे काय हे जरा सांगायला हवं. देशातली निम्मी पांढरी मशरूमं याच पट्ट्यातून जातात. वारा कुठल्या दिशेचा आहे हे इथली माणसं खताच्या वासावरून सांगतात. गावातल्या प्रत्येक घरातला कोणी ना कोणी मशरूमच्या शेडमध्ये कामाला होता, आहे किंवा होणार आहे. आणि तो घरी येताना एक खोकं घेऊन येतोच. त्यामुळे गावात कोणीही, कधीही, मशरूमला पैसे मोजलेले नाहीत. हे डेलमरला ठाऊक नव्हतं असं नाही. त्याचं म्हणणं एवढंच, की ती पांढरी बटणं. धिंगरीची गोष्ट निराळी.

"निराळी म्हणजे कशी?" विनीने विचारलं होतं. विनी म्हणजे त्याची बायको, उंच, शांत, आणि चेहऱ्यावरची रेघ न हलवता समोरच्याला गप्प करणारी. शाळेत उपमुख्याध्यापक डेलमर असला, तरी घरात ते पद तिच्याकडे होतं.

"चव निराळी, रंग निराळा. शहरात लोक रांगा लावतात."

"आपण शहरात राहत नाही, डेलमर."

तिच्या कुरकुरीला कारण होतं. मुलं घराबाहेर पडली की तळघर तुझं, असं डेलमरने तिला अकरा वर्षांपूर्वी कबूल केलं होतं. मुलं गेली. तळघरात डेलमरचे जुने नकाशे, व्यायामाचं रोइंगचं यंत्र आणि दुरुस्त न झालेले चार दिवे राहिले. विनी गोधड्या शिवते, आणि अशातशा नाही, जत्रेत पहिल्या नंबराची निळी फीत मिळवणाऱ्या. तिने आता बारा फूट लांबीचं गोधडीचं मशीन नोंदवलं होतं. ते नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंगच्या सणानंतरच्या आठवड्यात येणार होतं, आणि बारा फुटांचं मशीन स्वयंपाकघरात मावत नाही.

"हजार डॉलर," ती म्हणाली. "थँक्सगिव्हिंगपर्यंत निव्वळ हजार डॉलर नफा दाखव. तळघर तुझं. मी गॅरेजात कुडकुडत शिवीन, चकार शब्द काढणार नाही. नाही दाखवलास, तर तुझी मशरूमची पोती बाहेर..."

"पिशव्या."

"...पिशव्या बाहेर आणि माझं मशीन आत. कबूल?"

डेलमरने फ्रिजवरच्या आकड्याकडे पाहिलं. हजार म्हणजे त्याचा नववा हिस्साही नव्हता. "कबूल," तो म्हणाला, आणि बायकोची उगीच फसवणूक होतेय म्हणून त्याला थोडं वाईटही वाटलं.

पहिली अडचण काडाची. गव्हाचं काड गरम पाण्यात तासभर बुडवायचं, मग निथळायचं, मग त्यात बियाणं मिसळून पिशव्या भरायच्या. गरम पाण्यासाठी विनीचं लोणची-मुरांबे करायचं सगळ्यात मोठं पातेलं त्याने न विचारता घेतलं. निथळण्यासाठी तर त्याने आपल्या मते फारच अक्कल चालवली : ओलं काड उशीच्या अभ्र्यात भरून कपडे धुण्याच्या मशीनमध्ये फक्त पिळण्यापुरतं फिरवलं. दोन अभ्रे छान पिळून निघाले. तिसऱ्याची शिवण उसवली. प्लंबर आला, त्याने नळीतून दीड बादली काड काढलं, एकशे चाळीस डॉलर घेतले आणि जाताना सल्ला दिला, की माझी आत्या मशरूमना रोज संध्याकाळी रेडिओ ऐकवायची. पुढे पंधरा दिवस विनीच्या प्रत्येक ब्लाउजातून एकेक काडी निघत होती. ती काडी ती काही न बोलता डेलमरच्या ताटाशेजारी ठेवायची.

दुसरी अडचण शेजारची. शेजारी कार्माइन तोझी राहतो. तीन पिढ्या पांढऱ्या मशरूमच्या. वय झाल्यावर त्याने शेड कंपनीला विकल्या, पण मागची अकरा एकर जमीन आणि आजोबांनी बांधलेलं एक जुनं मशरूम-घर ठेवलं. त्यात आता गवत कापायचं यंत्र आणि नाताळचं दिव्यांचं हरीण असतं. कार्माइन दिवसातून दोनदा कुंपणापाशी येऊन उभा राहायचा.

"काय हेडमास्तर, वर्ग भरला का?"

"उपमुख्याध्यापक," डेलमर म्हणायचा.

"तेच ते. बघू तरी."

ऑगस्टच्या अखेरीस पिशव्यांतून पहिली धिंगरी बाहेर आली तेव्हा डेलमरने त्याला मोठ्या अभिमानाने खाली नेलं. पुस्तकातल्या चित्रात धिंगरी पंख्यासारखी पसरलेली असते. डेलमरच्या पिशव्यांतून वीतभर लांबीच्या पांढऱ्या काड्या लोंबत होत्या आणि त्यांच्या टोकाला शर्टाच्या गुंडीएवढ्या टोप्या होत्या.

कार्माइनने एक काडी बोटाने हलवून पाहिली. मग म्हणाला, "सॉस कुठला करणार?"

"म्हणजे?"

"अरे, ही स्पॅगेटी आहे! हेडमास्तर, तू त्यांना कोंडलंयस. दारं-खिडक्या बंद, वरून प्लास्टिक. जीव घुसमटलाय त्यांचा, मान उंच करून हवा शोधतायत. शाळेतही तू हेच करायचास. खिडकी उघड, पंखा लाव." वर जाता जाता त्याने जिन्यात थांबून मागे वळून पाहिलं. "आणि पांढरी लाव, माणसासारखी. हे काय, डुकराचे कान! फुकट दिलेस तरी माझ्या घरात यायचे नाहीत."

डेलमरने पंखा लावला. पंख्याने हवा कोरडी झाली म्हणून वाफारा सोडणारं यंत्र आणलं. हे सगळे खर्च त्याने वहीत लिहिले, पण फ्रिजवरच्या कागदात मिळवले नाहीत, कारण तिथे जागा नव्हती. आणि सप्टेंबरच्या मध्यावर खरोखरच पीक आलं. करडी, निळसर, थरावर थर, ओल्या कापसासारखी मऊ. डेलमर त्या रविवारी प्रार्थनेच्या मीटिंगमध्ये बसला तेव्हा त्याचं मन इतकं भरून आलं होतं की काही विचारू नका. यार्नल मंडळी पिढ्यान्‌पिढ्या क्वेकर या ख्रिस्ती पंथाची. त्यांच्या प्रार्थनेत धर्मगुरू नसतो, गाणं नसतं. सगळे तासभर गप्प बसतात, आणि कोणाला आतून वाटलं तर तो उठून दोन शब्द बोलतो. त्या दिवशी एक म्हाताऱ्या बाई उठल्या आणि गर्वाविषयी बोलल्या. त्या आपल्याकडे बघत नव्हत्या, अशी डेलमरने तीनदा खात्री करून घेतली.

मग त्याने रस्त्याकडेला टेबल मांडलं. टॅनर्स रनमध्ये ही जुनी रीत आहे. टेबलावर माल, शेजारी भोक पाडलेली पत्र्याची पेटी, आणि विक्रेता घरात. घ्या, पैसे टाका, जा. कोणी कोणावर नजर ठेवत नाही. डेलमरने सुबक अक्षरात पाटी लिहिली : 'ताजी धिंगरी. एक पुडा तीन डॉलर. गावाच्या प्रामाणिकपणावर विश्वास आहे.' हे शेवटचं वाक्य विनीला खटकलं. तिच्या मते ते शाळेतल्या सूचनेसारखं वाटत होतं.

पहिल्या दिवशी आठ पुडे ठेवले. दुपारपर्यंत आठही गेले. डेलमर धावत बाहेर गेला, पेटी हलवली. आवाज आला नाही. उघडून पाहिली तर आत चिठ्ठी होती : 'फार छान आहेत. आभार.' आणि टेबलाखाली सावलीत बिटाच्या रसात मुरवलेल्या अंड्यांची बरणी, सफरचंदाच्या मुरांब्याची बाटली आणि गरम भांडं धरायचं एक विणलेलं फडकं.

इथे गावाचा स्वभाव लक्षात घ्यायला हवा. मशरूमला पैसे द्यायचे, ही कल्पना टॅनर्स रनच्या डोक्यात शिरणंच शक्य नव्हतं. पण दुसऱ्याची वस्तू फुकट उचलायची, तर तेही या गावाला जमणारं नव्हतं. तेव्हा लोकांनी आपापल्या परीने मध्यममार्ग काढला होता. दुसऱ्या दिवशी डेलमरने पाटीवर 'रोख' हा शब्द लाल शाईने वाढवला. त्या दिवशी आला भोपळा. तिसऱ्या दिवशी 'फक्त रोख' लिहिलं. तेव्हा कोणीतरी बर्फ काढायचं फावडं ठेवून गेलं, चांगल्या स्थितीतलं, फक्त मूठ नव्हती.

डेलमर शिस्तीचा माणूस. शाळेत उशिरा येणाऱ्यांची जशी नोंद ठेवायचा, तशी त्याने वही केली : तारीख, वस्तू, खाणाखुणा. ठेवणारं कोण हे तो बघायचा नाही. विश्वास आहे असं पाटीवर लिहिल्यावर पडद्याआडून बघणं त्याच्या तत्त्वात बसत नव्हतं.

ऑक्टोबरमध्ये तळघराच्या मांडणीवर तेवीस बरण्या झाल्या. विनीने त्या पुसून नीट लावल्या आणि नवऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहून म्हणाली, "बरं, हजार राहू देत. घातलेले पैसे निघाले तरी तळघर तुझं."

नोव्हेंबर लागला तेव्हा तिने आणखी एक पायरी खाली उतरून पाहिलं. "घातलेले पैसेही जाऊ देत. एक डॉलर. रोख. परक्या माणसाने तुझ्या मशरूमसाठी दिलेला एक डॉलर मला दाखव, मी हरले."

एक डॉलर! ज्या माणसाने आयुष्यभर दुसऱ्यांना गुण दिले, त्याला कोणीतरी काठावर पास करू बघत होतं. डेलमर रात्रीचं जेवण नीट जेवला नाही. पण सकाळी उठून त्याने शेजारच्या गावातल्या एका हॉटेलवाल्याला फोन लावला. हॉटेलवाला म्हणाला, शनिवारी संध्याकाळी पाच पौंड आण, रोख देतो. डेलमरने फोन खाली ठेवला आणि स्वयंपाकघरात एक गिरकी घेतली. विनीने ती पाहिली, पण पाहिली नाही असं दाखवलं.

तो शनिवार. वरच्या खोलीत विनीच्या गोधडीवाल्या मैत्रिणी जमल्या होत्या. खाली डेलमरने पाच पौंड धिंगरी काढून टोपलीत रचली आणि राहिलेल्या पिशव्या टवटवीत राहाव्यात म्हणून वाफाऱ्याचं यंत्र पूर्ण जोरात सोडलं. पंखा वरच्या दिशेने होता. थोड्याच वेळात जमिनीतल्या झरोक्यांतून पांढरा धूर वरच्या खोलीत येऊ लागला. आधी एकीला वाटलं आपला चष्मा खराब झाला. मग छताला लावलेला, धूर लागताच वाजणारा भोंगा बोंबलायला लागला, आणि कोणीतरी अग्निशमन दलाला फोन केला.

टॅनर्स रनचं अग्निशमन दल म्हणजे गावातलीच माणसं. भोंगा झाला की हातातलं काम टाकून धावायचं. सहा मिनिटांत लाल बंब दारात उभा. अकरा माणसं शिरस्त्राणं घालून तळघरात उतरली, पुढे दलाचा प्रमुख रस्टी स्वेन. रस्टी दहावीत असताना डेलमरने त्याला शाळेच्या तरणतलावात बेडूक सोडल्याबद्दल आठवडाभर घरी बसवलं होतं.

"मिस्टर यार्नल," तो धुक्यातून हाक मारत म्हणाला, "आग कुठाय?"

"आग नाही, रस्टी. आर्द्रता आहे."

आता दल आलं, आग निघाली नाही, म्हणून हात हलवत परत पाठवायचं? गावात असं कोणी करत नाही. घरात असेल ते खाऊ घालायचं, ही रीत. डेलमर खिडक्या उघडून वर आला तोवर लोणी कढईत पडलं होतं. गोधडीवाल्या बायका पाव भाजत होत्या, विनी टोपलीतली धिंगरी फाडून टाकत होती आणि अकरा अग्निशामक मिटक्या मारत होते. रस्टीने एकट्याने सहा पाव खाल्ले. हॉटेलवाल्याला फोन करून डेलमरने मान खाली घालून सांगितलं, की आजचं पीक सार्वजनिक सुरक्षेत खर्च झालं. हॉटेलवाला म्हणाला, मग आता सणानंतर बघू.

"मी थांबवायला हवं होतं," विनी नंतर म्हणाली. "पण ती माणसं घाबरून धावत आली होती रे."

"बरोबर केलंस," डेलमर म्हणाला. आणि ते त्याला खरंच पटलं होतं, म्हणूनच त्याला जास्त वाईट वाटत होतं.

सोमवारी टाउनशिपची, म्हणजे गावाचा कारभार बघणाऱ्या कचेरीची, नोटीस आली. 'निवासी भागात विनापरवाना शेतमालाची विक्री.' परवाना हवा तर जमीन कमीत कमी दहा एकर. डेलमरकडे एक तृतीयांश एकर, तीही ड्राइव्हवे धरून. दंड दिवसाला शंभर डॉलर, पहिल्या विक्रीपासून. खाली सही : आर. स्वेन, झोनिंग, म्हणजे जमीन-वापराचा अधिकारी.

डेलमर तडक कार्यालयात गेला. "रस्टी! परवा माझ्या घरी सहा पाव..."

"शनिवारी मी दलाचा प्रमुख होतो, मिस्टर यार्नल," रस्टी कानकोंडा होत म्हणाला. "सोमवारी मी झोनिंगला असतो. तळघरात काय काय पाहिलं ते दलाच्या अहवालात लिहावं लागतं, आणि अहवाल येतो झोनिंगला. म्हणजे माझ्याचकडे. मी काय करू?" मग तो पुढे वाकून हळूच म्हणाला, "पण नियमात 'विक्री' असा शब्द आहे. विक्री म्हणजे पैसे. सुनावणीत सांगा की पैसे आलेच नाहीत, सुटाल. मात्र एक डॉलर जरी आला असेल ना, तर मी काही करू शकत नाही."

डेलमर घरी आला आणि कोट न काढताच खुर्चीत बसला. सुनावणी थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या मंगळवारी होती. घरी एक डॉलर आला तर तळघर वाचत होतं आणि टाउनशिपमध्ये तो मरत होता. डॉलर नाही आला तर टाउनशिपमध्ये वाचत होता आणि तळघर जात होतं. कसंही धरलं तरी कापलं जाणार ते त्याचंच नाक.

मंगळवारी संध्याकाळी साडेपाचला निघताना त्याने पेटी उघडून पाहिली. रिकामी. दोघं गाडीत बसली, तेवढ्यात विनीला आठवलं की चष्मा राहिला. ती उतरली, जरा वेळाने परत आली, आणि गाडी निघाली.

टाउनशिपच्या सभागृहात पन्नास खुर्च्या आहेत आणि त्या कधी भरत नाहीत. त्या दिवशी लोक भिंतीला टेकून उभे होते. समोर मंडळाचे तीन सभासद, मध्ये अध्यक्षा ग्लेंडा हूप्स. हीदेखील डेलमरची विद्यार्थिनी. भूमितीच्या तासाला च्युइंग गम खाल्ल्याबद्दल हिला त्याने 'मी गम खाणार नाही' हे शंभरदा लिहायला लावलं होतं. ती ते विसरली असेल, अशी त्याने आशा केली.

"उजवा हात वर करून शपथ घ्या, मिस्टर यार्नल," ग्लेंडा म्हणाली.

"आम्ही क्वेकर लोक शपथ घेत नाही, ग्लेंडा. आम्ही एरवीही खरंच बोलतो."

"मग खरं सांगा. मशरूमचे किती पैसे आले?"

भिंतीला टेकलेले लोक पुढे वाकले. दुसऱ्या रांगेत विनी मांडीवर पर्स घेऊन बसली होती. डेलमरने तिच्याकडे पाहिलं, मग वहीकडे पाहिलं. आठशे पौंड, पौंडाला बारा डॉलर, दोन रेघा मारलेला आकडा... "एकही डॉलर आला नाही," तो म्हणाला. "नफा शून्य."

"मोठ्याने सांगा, लिहून घेणाऱ्याला ऐकू आलं नाही."

"नफा शून्य!"

"मग एवढे पुडे गेले कुठे? लोक काही ठेवून जात होते म्हणे. वाचून दाखवा."

डेलमरने चष्मा लावला आणि शाळेतल्या हजेरीच्या आवाजात वाचायला लागला. "बिटाची अंडी, चार वेळा. भोपळा, दोन. फावडं, बिनमुठीचं. हरणाच्या मांसाचं सॉसेज, अग्निशमन दलाच्या न्याहारीच्या जाहिरातीत गुंडाळलेलं, सात वेळा."

सगळ्यांच्या माना रस्टी स्वेनकडे वळल्या. रस्टी छताकडे बघू लागला.

"मिश्र भाज्यांचं आंबट-गोड लोणचं, झाकणावर नागमोडी कापलेलं निळं कापड, पाच बरण्या."

गावात नागमोडी कापणारी कात्री एकाच बाईकडे आहे. मंडळाच्या अध्यक्षा पाणी प्यायल्या.

"आणि भाजलेल्या लाल मिरच्या, तेलात, लसणासकट, झाकणाला ब्रोकोलीच्या जुडीचा निळा रबर. अकरा बरण्या."

ब्रोकोलीचे रबर जपून ठेवणारा माणूसही गावात एकच. कार्माइन तोझी भिंतीपाशी उभा होता. त्याचे कान मिरच्यांइतकेच लाल झाले.

"डुकराचे कान?" डेलमरच्या तोंडून निघून गेलं.

"मांजरासाठी नेतो!" कार्माइन ओरडला. "माझी मांजर खाते! मी तोंडही लावलेलं नाही!"

"अकरा पुडे?" ग्लेंडाने विचारलं.

"मोठी मांजर आहे." आणि हसू थांबायच्या आत तो पुढे आला. "मला बोलायचंय. एक्केचाळीस वर्षं मी या धंद्यात होतो, माझ्याइतकं इथे कोणाला कळत नाही. या माणसाने विक्री केली, असा आरोप आहे? अहो, याने सहा महिन्यांत जेवढं पीक काढलं, तेवढं माझा बाप संध्याकाळी बुटावरून झटकायचा! याच्या धंद्यात नफा असणं निसर्गाच्या नियमात बसत नाही. हा माणूस निर्दोष आहे, कारण त्याला काही जमत नाही. लिहून घ्या!"

लिहून घेतलं गेलं. मंडळाने तीन विरुद्ध शून्य मतांनी ठरवलं की शेजाऱ्यांनी शेजाऱ्याला दिलेली बरणी म्हणजे विक्री नव्हे. टाळ्या झाल्या. डेलमर ताठ उभा होता. एकतीस वर्षांत आपण कोणाला इतक्या वाईट शब्दांत पास केलेलं नाही, एवढंच त्याच्या मनात आलं.

बाहेर पायऱ्यांवर कार्माइनने त्याला गाठलं. तो जमिनीकडे बघत बोलत होता. "माझं मशरूम-घर रिकामं आहे. मागे अकरा एकर. परवाना बसतो. आजोबांनी झरोके असे ठेवलेत, की वारा आपोआप फिरतो." मग तो म्हणाला, "यंत्र हलवीन. हरीण हलवीन. फुकट देत नाही हां, वर्षाचा एक डॉलर भाडं."

"का पण?"

"मांजरीला सवय लागलीय," कार्माइन म्हणाला आणि गाडीकडे निघून गेला.

घरी आल्यावर विनी पुढे गेली. डेलमर टेबल उचलायला थांबला. सवयीने त्याने पेटी हलवली, आणि आत काहीतरी सरकलं.

एक डॉलर. घडी घातलेला. ओसरीच्या दिव्याखाली त्याने तो उलगडला. म्हणजे सभागृहात 'एकही नाही' म्हणालो तेव्हा हा इथे होता? कोणा परक्याने टाकला असेल, तर तळघर आपलं, पण आपण भर सभेत खोटं बोललो. मग त्याला घडीत अडकलेला दोरा दिसला. निळा, मेण लावलेला, गोधडीचा दोरा, बोटभर लांब. आणि राहिलेला चष्मा आठवला, जो विनीने सभागृहात एकदाही डोळ्यांवर लावला नव्हता.

त्याने दोरा पुन्हा घडीत ठेवला. हजारावरून ती एकावर आली होती, आणि तो एकही शेवटी तिनेच टाकला होता. बारा फुटांचं मशीन, अकरा वर्षांची वाट, सगळं तिने घडी घालून त्या भोकातून आत सोडलं होतं. त्याला तिच्याबद्दल इतकं प्रेम वाटलं की त्याने नाक पुसलं आणि मगच आत गेला.

"पेटीत डॉलर होता," तो म्हणाला.

"अगं बाई!" विनी किटली भरत होती, तिने मान वळवली नाही. "कोणाचा असेल?"

"परक्याचा नाही. म्हणजे विक्री नाही. म्हणजे मी खरं बोललो."

किटलीतून पाणी बाहेर सांडलं. "आणि तळघर?" तिने विचारलं.

"तळघर तुझं. अकरा वर्षांपासून तुझं आहे. मी फक्त तिथे पोती ठेवली होती."

"पिशव्या," विनी म्हणाली.

बुधवारी सकाळी डेलमरने कार्माइनला वर्षाचं भाडं रोख दिलं, दोऱ्यासकट. दोघांनी मिळून हरीण बाहेर काढलं, एकाने शिंगं धरली, एकाने पाय, आणि कसं धरायचं यावरून ते दुपारपर्यंत भांडले. गुरुवारी थँक्सगिव्हिंगच्या टेबलावर टर्कीभोवती बरण्या मांडल्या : बिटाची अंडी, ग्लेंडाचं लोणचं, लाल मिरच्या. कार्माइनला जेवायला बोलावलं होतं. त्याने धिंगरीचं सारण तीनदा वाढून घेतलं आणि मांजरीचं नाव काढलं नाही.

जेवण झाल्यावर विनी दूध घ्यायला फ्रिजपाशी गेली. दारावरच्या जुन्या कागदावर डेलमरच्या सुबक अक्षरात नवा हिशेब लिहिला होता. आला, एक डॉलर. गेला, एक डॉलर.

"म्हणजे माझा डॉलर कार्माइनच्या खिशात?" तिने विचारलं.

"हो."

"मग सहा महिन्यांत आपल्याला मिळालं काय?"

डेलमरने हातातला मिरचीचा तुकडा खाल्ला, खुर्चीत मागे रेलला आणि टेबलाकडे, बरण्यांकडे, पेंगणाऱ्या कार्माइनकडे पाहिलं.

"नफा शून्य," तो म्हणाला, आणि या वेळी त्याला मोठ्याने बोलायला कोणाला सांगावं लागलं नाही.